सहा महिन्यांची सासू

रंजनानं दार उघडलं तेव्हा तिचे हात कणकेनं भरलेले होते, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती आणि कामावर निघायला वीस मिनिटं उरली होती. दारात भाग्यलक्ष्मी. खालच्या गल्लीतल्या अंगणवाडीची टीचर. वर्षभर पोरांना भात-अंडी भरवायची आणि वरून फर्मान सुटलं की घरोघर हिंडून मतदार मोजायचे, अशी तिची दुहेरी नोकरी. काखेत कागदांचा गठ्ठा, गळ्यात ओळखपत्र, आणि दोन जिने चढून आल्यामुळं तोंडातून शब्द फुटेना. रंजनानं तिला आधी पाणी दिलं.

"चार नाम हैं आपके घर में," भाग्यलक्ष्मीनं गठ्ठ्यातला कागद काढत विचारलं. "श्रीकांत, रंजना, तेजस, सुशीलाबाई. चारों इधरीच रहते ना?"

"तीन," रंजना म्हणाली. "सासूबाई नहीं रहते. मलकपेठ में रहते, छोटे बेटे के पास."

"हमेशा के लिए गए?"

"हौ."

आता हा 'हौ' साफ खोटा होता. सुशीलाबाई हमेशा कुठंच राहत नव्हत्या, हीच तर सगळी गोम होती. अप्पाराव वारले त्याला बारा वर्षं झाली. तेराव्याचं जेवण उरकल्यावर दोघा भावांनी सतरंजीवर बसून आईचे सहा-सहा महिने वाटून घेतले होते. दसरा ते गुढीपाडवा थोरल्या श्रीकांतकडं हैदराबादच्या गौलीगुड्यात, पाडवा ते दसरा धाकट्या युवराजकडं मलकपेठला. आईला विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि ज्या दोघी सुनांनी तिचं करायचं होतं त्या तेव्हा आत पत्रावळी गोळा करत होत्या. दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून झालं की युवराजची गाडी यायची, त्यातून एक ट्रंक, एक पिशवी, बी.पी.चं मशीन आणि सुशीलाबाई उतरायच्या.

भाग्यलक्ष्मी आली तेव्हा दसऱ्याला चार दिवस होते.

भाग्यलक्ष्मीनं कागद पुढं केला, बोट ठेवून जागा दाखवली. रंजनानं कणकेचा हात पदराला पुसला आणि सही ठोकून दिली. कागदावर तेलुगूत काहीतरी छापलेलं, खाली इंग्रजीत. तिनं वाचलं नाही. वाचायला लागतं कशाला, आपण काय बोललो ते तिला चांगलं ठाऊक होतं.

आणि का बोललो तेही ठाऊक होतं. मागच्या पाडव्याला युवराज आईला न्यायला आला तेव्हा चहा पिता पिता म्हणाला होता, "वहिनी, एक सांगू? आईचं रेशन कार्ड तुमच्याकडं, मतदार यादीत नाव तुमच्याकडं. कागदोपत्री ती तुमचीच आहे. आम्ही आपलं सवड म्हणून सहा महिने नेतो. त्रिवेणीचे गुडघे आता चालत नाहीत. पुढचं जरा बघा." पुढचं बघा म्हणजे काय, हे कळायला रंजना काही खुळी नव्हती. सासूबाई नसण्याचे ते सहा महिने गेले तर तिच्याजवळ दुसरं काही उरणार नव्हतं.

रंजना चोपन्न वर्षांची. सकाळी साडेनऊ ते सहा कोठी भागातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडं समोरच्या टेबलाला बसायची, पेशंटची नावं लिहायची, ओरडणाऱ्यांना थोपवायची. सासूबाई असल्या की दिवस पहाटे पाचला सुरू होई. त्यांना अंघोळीचं पाणी कढत लागे, ज्वारीची भाकरी मऊ लागे आणि तव्यावरून थेट ताटात लागे, गोळ्या कुणीतरी हातावर ठेवाव्या लागत. वर बोलणं. वरणाला फोडणी जास्त, दाराला कडी नाही, तेजस फार उशिरा येतो, तू फार लवकर जातेस. पंचवीस वर्षांत त्यांनी सुनेला "बस जरा" एवढं म्हटल्याचं रंजनाला आठवत नव्हतं. त्या गेल्या की पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळी सातपर्यंत नुसती पडून राहायची. झोप लागायचीच असं नाही. पण कुणी हाक मारणार नाही, एवढं पुरायचं.

दसरा झाला, ट्रंक आली. पहाटेचं पाणी, भाकरी, गोळ्या सुरू झाल्या. रंजना ती सही विसरलीसुद्धा. खरं तर विसरली नव्हती, मनाच्या कुठल्यातरी फडताळात मागं सारली होती.

दिवाळीनंतर कच्च्या याद्या लागल्या. सुशीलाबाईंची एक जुनी खोड होती. यादी लागली की नाव आहे का ते बघून घ्यायचं. पूर्वी त्या स्वतः शाळेत जाऊन भिंतीवरची यादी कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या, आता नातवाला मोबाईलवर बघायला लावायच्या. त्या रविवारी तेजस सोफ्यावर आडवा पडून बोटानं पडदा सरकवत होता आणि त्या शेजारी ताठ बसल्या होत्या.

"आजी, तुझं नाव नाहीये."

"नीट बघ."

"बघितलं गं. पप्पांचं आहे, मम्मीचं आहे, माझं आहे. तुझं डिलीट झालंय."

"म्हणजे काय झालंय?"

"काढलंय."

स्वयंपाकघरात रंजना भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली. आता उठून बाहेर जावं आणि सांगून टाकावं असं तिला वाटलं. ती गेली नाही. तिनं भाजी चिरली, आणि लागत होती त्याहून दुप्पट चिरली.

सुशीलाबाईंनी तीनदा बघायला लावलं. तेजस कंटाळला. मग त्या उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. जेवायला हाक मारली तेव्हा नको म्हणाल्या. ही बाई नवरा गेला त्या दिवशीसुद्धा संध्याकाळी दोन घास जेवली होती.

"आई, एका मतानं काय होतं?" श्रीकांत ताटावरून म्हणाला. तो बेगम बाजारात एका भांड्यांच्या ठोक दुकानात हिशेबाला होता. माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट लवकर मिटावी एवढंच त्याला कळे. "आता अठ्ठ्याहत्तर झालीस. उन्हात जायचं, रांगेत उभं राहायचं. कुणी सांगितलंय?"

"कुणी सांगितलं नाही म्हणूनच जाते मी," सुशीलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे बाकी सगळं कुणीतरी सांगितलंय म्हणून करायले जन्मभर. बस इथं, चल तिथं. माझ्या सासूबाईंचं तुला ठाऊक नाही. तुझ्या बापानं कधी सांगितलं नसंल."

आणि त्यांनी ते सांगितलं. रंजना दारात पोळीचा डबा घेऊन उभी राहिली, आणि ऐकायचं नाही असं ठरवूनही तिनं सगळं ऐकलं.

भालकीकडच्या गावात, निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. पहिल्या मतदानाची यादी करायला एक कारकून घरोघर आला. ओट्यावर उमाजी बसलेले, दाराआड त्यांची बायको गंगू, म्हणजे सुशीलाबाईंच्या सासूबाई, ज्यांना त्या आत्याबाई म्हणत. कारकुनानं विचारलं, बाईंचं नाव काय. परक्या पुरुषासमोर नाव सांगायची रीत नव्हती. नवऱ्याचं नाव विचारलं, तर ते तोंडानं घ्यायची रीत त्याहून नव्हती. दाराआडून नुसत्या बांगड्या वाजल्या. उमाजी हसून म्हणाले, लिहा की, उमाजीची बायको. कारकुनानं तसंच लिहिलं. पुढं वरून निरोप आला की अशी नावं चालत नाहीत, बाईला स्वतःचं नाव पाहिजे, आणि 'उमाजीची बायको' यादीतून उडाली. मतदानाच्या दिवशी पलीकडची कुंभारीण नवं लुगडं नेसून मत टाकायला गेली, कारण तिनं ठणकावून नाव सांगितलं होतं. गंगू उंबऱ्यात उभी राहून तिच्याकडं बघत राहिली.

"पाच वर्षांनी परत यादी निघाली," सुशीलाबाई म्हणाल्या, "तर आत्याबाई दिवस उगवायच्या आत चावडीवर. माझं नाव गंगू, लिहा म्हणाल्या. घरी येऊन शिव्या खाल्ल्या. पण मतदानाला गेल्या तर तिथल्या मास्तरानं मोठ्यानं नाव वाचलं. गंगू उमाजी बिरादार. लगीन होऊन सासरी आल्यापासून त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. अगं ए, ऐकलं का, थोरली, ह्याची माय, त्याची माय. मला सांगताना रडल्या होत्या. मी नवी नवरी, मला काही कळलं नाही तवा. एकवीस वर्षं पुरी लागायची त्या वेळी. मला पहिल्यांदा मत आलं तेव्हा त्या स्वतः मला घेऊन गेल्या. माझं नाव वाचलं तसं मला कळलं."

तेजसनं मोबाईल खाली ठेवला होता.

"आणि तुझा बाप," त्या श्रीकांतकडं वळल्या, "दर खेपेला सकाळी सांगायचा, अमक्या चिन्हावर मार. मी हो म्हणायची. आल्यावर विचारायचा, मारलंस ना? मारलं म्हणायची. जन्मात त्याच्याशी एवढं एकच खोटं बोलले, पण दर निवडणुकीला बोलले."

श्रीकांतला हसावं की रागवावं कळेना. रंजना डबा घेऊन तशीच आत गेली. तिला स्वतःचं आठवलं. श्रीकांत नाश्त्याला सांगतो, ती तिथंच बटण दाबते. मनाविरुद्ध नव्हे हो, मन घालायला तिला कधी फुरसतच नव्हती. पण ओट्याशी उभं राहून तिला वाईट वाटलं ते त्याचं नाही. या म्हातारीजवळ स्वतःचं म्हणून उरलं होतं ते एवढंच, आणि तेच आपण कणकेच्या हातानं पुसून टाकलं, याचं वाटलं. आणि एवढं वाटूनही पहाटे पाचला उठायचंय हे डोक्यातून जात नव्हतं. त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी युवराजचा फोन. श्रीकांतनं स्पीकरवर टाकला.

"दादा, नाव निघालंय तर आता घाई करू नका. नवीन फॉर्म भरायचाच तर विचार करून भरा. मी आधीच बोललोय, जिथं नाव तिथं आई. उगीच नाव एकीकडं, माणूस दुसरीकडं, असं किती दिवस चालायचं? तुमच्याकडं घालायचं असेल तर मग पाडव्याचं सोडा."

"मग तुझ्याकडं घालू," श्रीकांत म्हणाला.

"इथं कसं घालणार? त्रिवेणीची परिस्थिती तुम्हाला दिसतेय."

फोन बंद झाल्यावर श्रीकांत रंजनाकडं बघून म्हणाला, "तू काही बोलू नकोस. राहू दे तसंच. विसरेल आई." सुशीलाबाई तीन हातांवर बसल्या होत्या. कान चांगले शाबूत होते त्यांचे. विसरायची बाई असती तर तिनं बारा वर्षं प्रत्येक घरातल्या सहा महिन्यांचा दिवस न् दिवस लक्षात ठेवला नसता.

पुढच्या रविवारी गल्लीच्या टोकाच्या सरकारी शाळेत नावांच्या तक्रारी घेणार होते. सुशीलाबाई सकाळी आठलाच तयार. इरकली साडी, पायात चपला, हातात आधार कार्डाची प्लास्टिकची पिशवी. कुणी येवो न येवो, त्या निघाल्याच होत्या. मग काय करता, श्रीकांत निघाला, रंजना निघाली. युवराजला कुणीतरी कळवलं असावं, तोही स्कूटरवर मलकपेठहून येऊन शाळेच्या फाटकात उभा होता.

पहिलीच्या वर्गात बुटक्या बाकावर भाग्यलक्ष्मी बसली होती. समोर रांग. कुणाच्या मुलीचं लग्न होऊन नाव हलवायचं, कुणाचा बाप मेलेला असून यादीत जिवंत. तिचे डोळे लाल झाले होते. सुशीलाबाईंचा नंबर लागला तेव्हा श्रीकांतनं त्यांना बाकावर बसवलं आणि एकदम चढ्या आवाजात सुरुवात केली.

"कैसा काम करते जी तुम लोगाँ? जीता जागता आदमी का नाम काट देते? पचास साल से मत डाल रहे ये अम्मा. घर को आए बगैर, बैठे जगह लिख डाले क्या?"

"मैं आयी थी साब."

"आए होते तो नाम कैसे कटता?" युवराजनंही त्यात तोंड घातलं. "कंप्लेंट देना पडेगा इनका, दादा. वर लिहून देऊ."

भाग्यलक्ष्मीनं रंजनाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. तिनं बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. कदाचित दारात दिलेल्या पाण्याची तिला आठवण असेल, किंवा भांडायची ताकद उरली नसेल. रंजनानं नजर काढून घेतली. श्रीकांत आणखी दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक फार लागणारं होतं, अंगणवाडीवाल्यांना शिकवतं कोण, असं काहीतरी. तेव्हा मात्र भाग्यलक्ष्मीनं पायाशी ठेवलेला गठ्ठा उचलून बाकावर घेतला, पानं उलटली आणि एक कागद काढून सुशीलाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"मेरे को क्यों गालियाँ देते साब? घर से लिख के दिए सो है ये."

तेलुगू अक्षरं, इंग्रजी अक्षरं, रकाने, आकडे. सुशीलाबाईंना यातलं काही वाचता येत नव्हतं. हैदराबादेत पन्नास वर्षं काढली, दखनी बोलल्या, तेलुगू समजली, पण अक्षर त्यांना एकच येत होतं, आत्याबाईंच्या हट्टानं शिकलेलं मराठी. त्यांनी चष्मा सावरला आणि वरपासून खालपर्यंत कागद पाहिला. आणि अगदी तळाशी त्यांना वाचता येईल असं काहीतरी सापडलं. त्या सबंध कागदावर तेवढंच मराठी होतं.

"रंजना श्रीकांत बिरादार," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

श्रीकांत कागदावर वाकला. "तू?" तो म्हणाला. "तू लिहून दिलंस?"

"मीच सांगितलं होतं तिला," सुशीलाबाई झटकन म्हणाल्या, कागदावरून नजर न उचलता. "मी तेव्हा मलकपेठलाच होते की. तिनं तसं सांगितलं. त्यात काय एवढं."

रंजनाला हे सहन झालं नाही. शिव्या घातल्या असत्या तर तिनं खाल्ल्या असत्या. ओरडल्या असत्या तर ऐकून घेतलं असतं, पंचवीस वर्षांची सवय होती. पण भर वर्गात, रांगेतली माणसं बघत असताना, या बाईनं तिच्या खोट्यावर पांघरूण घालावं?

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं नव्हतं. टीचर आल्या तेव्हा दसऱ्याला चार दिवस होते. आई येणार हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, इथं राहत नाहीत, कायमच्या गेल्या. मुद्दाम म्हटलं." तिनं युवराजकडं पाहिलं. "युवराज भावजी म्हणाले होते ना, कागदोपत्री आई तुमची. म्हटलं, कागदच नको. मी थकलेय हो. मला ते सहा महिने पाहिजेत. इथं कुणी मला विचारलंय का, तुला झेपतं का म्हणून? यांना शिव्या देऊ नका. यांचं काही चुकलं नाही."

तिच्या मागं उभा असलेला एक म्हातारा खाकरला. श्रीकांत खाली बघत राहिला. युवराजनं मोबाईल काढून उगाच त्यात पाहिलं. भाग्यलक्ष्मीला मराठी सगळी कळत नसावी, पण कळायचं ते कळलं होतं. तिनं हळूच एक कोरा फॉर्म काढला.

"अब क्या लिखूँ अम्मा? एक ही जगह लिख सकते. गौलीगुडा या मलकपेठ? आपीच बोलो."

बारा वर्षांत सुशीलाबाईंना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "गौलीगुडा." आणि फॉर्म रंजनापुढं सरकवला. "घरच्या माणसाची सही लागंल ना? हिनंच काढलंय, हिलाच घालू दे."

"वहिनी," युवराज पुढं झाला, "सही करण्याआधी एक. मी काय बोललोय ते लक्षात आहे ना?"

होतं की. चांगलं लक्षात होतं. रंजनानं पेन हातात घेतलं आणि तिच्यासमोर पाडव्यानंतरचे सगळे महिने उभे राहिले, चैत्र, वैशाख, ते उकडणारे दिवस, पहाटे पाचचं पाणी, आणि मग परत दसरा, आणि मग परत. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पश्चात्तापाचं किती आणि दमल्याचं किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं सही केली. नेहमीसारखीच, मराठीत, पूर्ण नाव लिहून.

"ठरलं तर मग," युवराज म्हणाला. "परवा आईचं कपाटातलं उरलेलं सामान आणून टाकतो."

"काय ठरलं रे?" सुशीलाबाई त्याच्याकडं वळल्या. "तू ठरवणार? मी पाडव्याला तुझ्याकडं येणार. त्रिवेणीचे गुडघे दुखतात तर मी पोळ्या लाटीन, हात शाबूत आहेत माझे. मत माझं इथं राहील. माणूस तिथं, मत इथं, असं चालतं का टीचर?"

"लडके के पास जा के रहे तो क्या हुआ अम्मा," भाग्यलक्ष्मी शिक्का मारत म्हणाली. "घर ये है बोले ना आप. बस."

"ऐकलंस?" त्या युवराजला म्हणाल्या. सरकारी बाकासमोर आईशी वाद घालायची त्याची छाती झाली नाही, घरी गेल्यावर घालील तेव्हा घालील. श्रीकांत भाग्यलक्ष्मीपाशी रेंगाळला, काहीतरी पुटपुटला, बहुधा माफीचं असावं. तिनं मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

युवराज स्कूटरवरून गेला. श्रीकांत भाजी घेतो म्हणून मागं थांबला, त्याला आज बायको आणि आई या दोघींच्या मधून चालायचं नव्हतं. सासू-सून गल्लीनं परत निघाल्या. बसस्टँडाकडून येणाऱ्या रिक्षा अंगावर येत होत्या. सुशीलाबाई हळू चालत होत्या, आणि रंजना त्यांच्याहून हळू.

"आई," ती शेवटी म्हणाली, "माझं चुकलं."

"चुकलं," सुशीलाबाई म्हणाल्या. नाही गं, असू दे गं, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. दहा पावलं गेल्यावर पुढं म्हणाल्या, "थकलीस ते मला दिसतं. मी पण थकले होते, तू या घरात यायच्या आधी. आत्याबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. त्या मराव्यात असं मी कितीदा म्हटलं असंल देवापुढं. पण त्यांचं नाव मी कधी पुसलं नाही."

रंजनानं त्यांच्या हातातली आधार कार्डाची पिशवी आपल्याकडं घेतली.

"तू भिऊ नको. पाडव्याला मी जाणार म्हणजे जाणार. तुझे सहा महिने तुला मिळतील. युवराज काही म्हणू दे, मी स्वतः रिक्षा करून जाईन."

"आणि मतदान उन्हाळ्यात आलं तर?" रंजनानं विचारलं. "तेव्हा तुम्ही तिकडं असाल."

"तर सकाळी येईन, मत टाकीन, आणि तशीच परत मलकपेठला जाईन." त्यांनी पदर सावरला. "मतदानाला येईन गं. तुझ्या घरी नाही येणार."

रंजनाला म्हणायचं होतं, असं कसं, दुपारी जेवून जा, मी भाकरी करते, मऊ करते. पण आज ते तिच्या तोंडी शोभलं नसतं, आणि ते त्यांनाही कळत होतं. समोरून बस येत होती. रंजनानं त्यांचा दंड धरला. सुशीलाबाईंनी तो सोडवून घेतला नाही, आणि दोघी रस्ता ओलांडून घराकडं वळल्या.